सुपडाबाईच्या नावावरच्या रेघा

शहादा, श्रावण शुद्ध सप्तमी

सौ. निर्मलास अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. पाणी उकळूनच पितो, काळजी करू नकोस. तुझ्या पायांची सूज उतरली का? आईला माझा नमस्कार सांग.

इथल्या एका खेड्यात पटकीची साथ आहे. साहेबांनी मला नवंच काम दिलंय. ज्या घरी दुखणं, तिथं आठ दिवसांत कोण कोण येऊन गेलं ते विचारायचं, कागदावर त्या माणसापासून घरापर्यंत रेघ ओढायची आणि शेवटी रेघा मोजायच्या. सर्वांत जास्त रेघा सुपडाबाईच्या निघाल्या. एकोणीस घरांपैकी सतरा! ती गावची सुईण. साहेब म्हणाले, रोग हीच पसरवते.

अगं, पण धडधाकट घरांत मी विचारलंच नव्हतं. तिथंही तिचंच नाव निघालं असतं. ती कुणाकडे जात नाही? साहेबांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, कागद वर गेला.

आता तिला कोणी दारात उभं करत नाही. काल माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, "भाऊ, मन्हं नाव काढी टाक ना."

परवा एका घरी सुनेला कळा सुरू झाल्या. सुपडाबाईला बोलावलं नाही. पुढचं तुला या दिवसांत लिहीत नाही.

तापीचा पूर ओसरल्याशिवाय मला तिकडे येता येत नाही. आपली सुईण येऊन पाहून जाते ना? माझ्यासारखा कुणी कागद घेऊन दारी आला, तर तिचं नाव सांगू नकोस.

चुडामण