टेकूंवरची भिंत

६ नोव्हेंबर

इंजिनिअर आज मामांच्या बांधकामाच्या खड्ड्यापाशी आला होता. चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून पडलं, बोटानं उपसून खाल्लं — आणि भरल्या तोंडानंच मामांना म्हणाला, “यू आर अंडरमायनिंग दॅट वॉल.” मामा हसले. तोही हसला. गेला.

शब्द कळला नाही. हसणं मात्र आवडलं नाही. नववीत शाळा सुटून आठ वर्षं झाली तरी स्पेलिंग मी चुकवत नाही. लिहून ठेवलंय. उद्या डिक्शनरीत बघेन.

७ नोव्हेंबर

अंडरमाइन — हळूहळू, नकळत कमकुवत करणं. हा आत्ताचा अर्थ. मूळ वेगळंच! अंडर म्हणजे खाली, माइन म्हणजे भुयार खणणं. पूर्वी वेढा घालणारे सैनिक तटाखालून भुयार खणत. तट आपल्याच डोक्यावर येऊ नये म्हणून लाकडी टेकू देत जात. खणून झालं की टेकूंना आग लावायची आणि पळायचं. तट आपोआप बसे.

घास उतरेना. आमच्या खड्ड्यातही टेकू आहेत — शेजारच्या शिंपी मास्तरांच्या भिंतीखाली. ती खोलीही मामांनी या जागेबरोबर विकत घेतली, पण मास्तर जुने भाडेकरू, खोली सोडून उठत नाहीत. रोज सकाळी खणायची रेघ चुन्याच्या फक्कीनं मी मारतो. मामा म्हणतात, “अजून वीतभर आत घे.” मी घेतो. आणि किती सरळ! माझ्या रेघेचं त्यांना भारी कौतुक. शी!

८ नोव्हेंबर

मामांना विचारलंच. “भाचेबुवा, डिक्शनरी कसली खणताय? पाया खणा!” मजूर फिदीफिदी हसले. मग मला बाजूला ओढून कानाशी — तोंडाला आंबूस वास — “शनिवारी टेकू काढायचे. त्याआधी उठला तर त्याचं नशीब.”

कान धुतला. पुन्हा धुतला.

९ नोव्हेंबर

पोट बिघडलंय सांगून घरी राहिलो. रेघ मामांनी मारली म्हणे. वाकडी.

१० नोव्हेंबर

मास्तरांकडे गेलो. काज करत बसले होते. भिंतीच्या भेगेत रंगीत चिंध्या कोंबलेल्या. “वारा येतो रे बाळ.” म्हणजे त्यांना वाटत होतं, भिंत म्हातारी झालीय!

सगळं सांगून टाकलं. टेकू, शनिवार, सगळं. “इथे झोपू नका. आपण तक्रार करू. मी साक्ष देतो.”

मास्तरांनी सुई कापडात खोचून ठेवली. “तुझी साक्ष होईपर्यंत भिंत थांबेल का रे?”

संध्याकाळी मशीन हातगाडीवर चढवून मुलीकडे गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. किती दिवसांनी नीट जेवलो.

११ नोव्हेंबर

मामांनी पाठीवर थाप मारली. “शाब्बास! मी सांगितलं असतं तर भांडत बसला असता. तुझ्या तोंडून ऐकलं म्हणून उठला.”

टेकू काढणार नाहीत. उलट खाली काँक्रीट भरून भिंत पक्की करणार.

“मग खोली कुणाला?”

“लग्न ठरलंय ना तुझं? बायकोला काय डिक्शनरीत ठेवणार?”

ओकारी आली. ओठ मिटून बसलो. नको म्हणायचं राहून गेलं.

१४ नोव्हेंबर

खोली पाहून आलो. उजेड चांगला येतो. आई खिडकीचं माप घेत होती. म्हणाली, “पडदे शिवायला आता कुणाकडे टाकायचे रे?”