खचणाऱ्या घराचं गिऱ्हाईक

सेमारांग, ४ जून २००४

चि. कुन्चोरो यास म्बाक वुर्यानीचे अ. उ. आ.

फोनवर आपण बहीणभाऊ भांडतो, म्हणून लिहायला बसले.

घराला गिऱ्हाईक आलंय. माशुरी नाव, देमाककडच्या किनाऱ्यावरचे, मासे धुरी देऊन विकतात. आई गेल्यापासून जे कोणी आले, ते स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यातली भेग बघून चहालाही थांबले नाहीत. हे बसले. मीच सांगून टाकलं की पाया खचतोय, गवंड्याच्या मते त्या कोपऱ्याखाली भराव आहे, पावसाळ्यात न्हाणीचं दार लागत नाही. तर गृहस्थ हसले, आणि खचतंय तर खचू दे म्हणाले! भावात घासाघीससुद्धा केली नाही.

खचणारं घर हसत घेणारा माणूस पाहिलायस कधी? मला ते हसू काही बरं वाटलं नाही. तुझं मत कळव. एन्दांगला आणि पोरांना आशीर्वाद. लोभ आहे तो तरी खचू देऊ नकोस.

तुझी म्बाक,
वुर्यानी

सुराबाया, ११ जून

ती. म्बाक वुर्यानी हिस कुन्चोरोचा शि. सा. न. वि. वि.

गिलावा मारून रंग दे, असं मी दोनदा सांगितलं होतं. तू मात्र आल्यागेल्याला भेग दाखवतेस, जशी काही नवी सून दाखवतेयस. एन्दांगला वाटतं, तुला मलांगला लेकीकडे जायचंच नाही, म्हणून गिऱ्हाइकं पळवतेस. मी तिला गप्प केलं, पण खरं सांगू, शंका मलाही आली.

आणि हा माशुरी! घासाघीस न करणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. रस्ता रुंद होणार असेल, किंवा मागे कोणी बडा बिल्डर असेल. त्याचं गाव, घर, माणसं सगळं खोदून विचार. तोवर होकार देऊ नकोस. राग मानू नये, कृपा असू द्यावी.

तुझा,
कुन्चोरो

सेमारांग, १९ जून

चि. कुन्चोरो यास अ. उ. आ.

एन्दांगला सांग, मला जायचं नसतं तर मी तोंडावर सांगितलं असतं. भिंतीला पुढे करायची मला गरज नाही. आणि गिलाव्याचं पुन्हा काढू नकोस. उद्या त्यांच्या पोराबाळांवर भिंत आली तर तू सुराबायात असशील, शाप मला लागतील.

शंका मात्र तुझी खरी असावी. माशुरी परत आले. खोल्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. मग सगळ्या भिंतींना खालून तळवा लावत फिरले, वैद्य नाडी बघतो तसे. भरतीचं पाणी इथवर येतं का, हे पुन्हा पुन्हा विचारलं. गाव विचारलं तर म्हणे, सांगण्यासारखं उरलेलं नाही. शेजारची जुमिराह म्हणते, चोरटा माल आणणारा असेल, लपवायला घर हवंय. बाजारातल्या मासेवालीकडून गावाचं नाव काढलंय. रविवारी आम्ही दोघी जातोय. काळजी नसावी.

तुझी म्बाक,
वुर्यानी

सुराबाया, २४ जून

ती. म्बाक, शि. सा. न.

म्हणजे जाऊन आलीस तू! पत्र हाती पडलं तेव्हा रविवार उलटून गेला होता. तुझ्या शेजारचा फोन कोणी उचलत नाही. रस्त्याचं मी विचारलं, तसं काही नाही. मग त्याला हवंय तरी काय? जिवाला घोर लागलाय. भांडण नको, फक्त खुशाली कळव.

कुन्चोरो

सेमारांग, १ जुलै

चि. कुन्चोरो यास अ. उ. आ.

मी सुखरूप आहे. रस्ता संपतो तिथून पुढे होडीने जावं लागलं. खाली पूर्वी भातशेती होती म्हणे, समुद्राने गिळली. माशुरींनी घरातली जमीन भराव घालून इतकी वर आणलीय की दारातून मी कमरेत वाकून शिरले, आणि खिडकी माझ्या गुडघ्याशी. चूल टेबलावर. त्यांची म्हातारी आई बांबूच्या माच्यावर बसलेली, आणि माच्याखाली समुद्र. शेजारपाजार केव्हाच उठून गेलेला.

आधी का नाही बोललात, म्हणून मी रागावले. तर म्हणाले, नड कळली की लोक भाव चढवतात, आणि घासाघीस केली तर घर हातचं जायचं. शिवाय जी बाई आपणहून भेग दाखवते, तिने त्याहून मोठं काहीतरी दडवलं असणार, असं वाटलं. म्हणून विहीर चाखली, भिंती चाचपल्या! आम्ही त्यांना चोर समजत होतो, आणि ते आम्हाला. जुमिराह इतकी हसली की होडी डुलायला लागली.

मी शब्द दिलाय. कोपऱ्याचा पाया खोदून, पक्का भरून मगच ताबा द्यायचा, आणि तो खर्च आपला. कुरकुर करायची असेल तर इथे येऊन कर.

काल ते आईला घर दाखवायला घेऊन आले. मी चटई आणेपर्यंत म्हातारी त्याच खचलेल्या कोपऱ्यात उघड्या फरशीवर आडवी झाली होती. फरशीवर हात फिरवत फिरवत झोपली. जमिनीला पाठ टेकून झोपायला तिला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं, असं माशुरी कुजबुजत म्हणाले. मी भात झाकून ठेवला, आणि ती आपणहून उठेपर्यंत माशुरी, जुमिराह आणि मी बाहेर पायरीवर बसून राहिलो.

लवकर ये. माया आहेच, ती पत्राने न धाडता स्वतः घेऊन ये.

तुझी म्बाक,
वुर्यानी