डझनाखाली कापत नाहीत

१ फेब्रुवारी, रविवार

राळेगाववरून यवतमाळला गेलती. वरच्या दुकानात. नऊ वर्षं झाली, माझे सगळे कपडे तिथलेच. जिना उभा आहे, मधल्या पायरीवर थांबून श्वास घ्यावा लागतो, तरी तिथंच जाते. दुसऱ्या कोणत्याही दुकानात पाय टाकला की काउंटरवरची पोरगी आधी वरून खाली पाहते अन् मग म्हणते, "तुमच्यात नाही भेटणार." वरच्या दुकानात शाहीन आहे. ती काही म्हणत नाही, सरळ कोपऱ्यातल्या रॅककडे चालायला लागते.

आज रॅक नव्हता. तिथं लहान पोरांचे नाइट सूट लावले होते.

"दीदी, थ्री एक्सेल के ऊपर बंद हो गया. भैया बोले, माल पडा रहता." खाली पाहत बोलली बिचारी. माझं फाइव्ह.

रिकाम्या हाताने कसं उतरायचं, म्हणून एक ओढणी घेतली. ओढणीला माप नसतं.

येताना बस कळंबपर्यंत गच्च. माझ्या शेजारची उरलेली सीट रिकामीच. लोक उभे होते.

४ फेब्रुवारी

दुकानाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, 'मोठी मापं'. मालक जयेशभाऊ फोटो टाकतो. बाया खाली विचारतात, 'प्राइस?' 'निळ्यात आहे का?' इतकी वर्षं एवढंच. फोटोतली पोरगी बारीक. अन् आमच्यातल्या एकीचाही चेहरा दिसत नाही, डीपीत कोणाचा गुलाब, कोणाचा नातू. माझा चाफा.

आज त्याने टाकलं: मोठी मापं यापुढे येणार नाहीत, सहकार्याबद्दल आभार. खाली अंगठे, जोडलेले हात.

मी लिहिलं, 'मग आम्ही काय घालायचं?'

निळ्या खुणा येत गेल्या. कोणी काही नाही. मिटवावंसं वाटलं, पण सगळ्यांचं वाचून झालं होतं. दिवसभर दवाखान्यात औषधाच्या खिडकीत गोळ्यांच्या पट्ट्या कापल्या अन् कान गरम. खिडकीतून लोकांना माझा चेहरा अन् हात दिसतात तेवढेच, त्याचं बरं वाटलं आज.

५ फेब्रुवारी

ग्रुपवर नाही, वेगळा मेसेज. गुलाबवाली. 'ताई तुमी बरोबर लिवलं. मी पुष्पा, दिग्रस.'

मी: 'धन्यवाद.'

८ फेब्रुवारी, रवि.

पुष्पाताईंनी फोनच केला. आवाज मोठा, गच्चीवरून बोलत होत्या, मागे कोणाच्या तरी घरचा टीव्ही. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये, मुलगा-सून घरीच. सलवार मांडीत घासून फाटते, त्यावर काय उपाय करता, इथून सुरुवात. मी आतून दुहेरी कापड लावते म्हटलं. "अवो, मी बी थेच करतो!" लय हसल्या. मीही. हे मी आजपर्यंत कोणाशी बोलली नव्हती.

"नाव काय तुमचं?"

"संघमित्रा."

"लय लंबं हाय. मित्रा म्हनू?"

ठेवताना म्हणाल्या, "जेवली काय?" आई गेल्यापासून हा प्रश्न या खोलीत कोणी विचारला नव्हता. जेवली म्हटलं. जेवली नव्हती.

११ फेब्रु.

जयेशभाऊला फोन लावला. दोनदा हात मागे घेऊन मग.

"मॅडम, तुम्ही आमच्या घरच्या. पण कारखानदार डझनाखाली कापतच नाही. एकच डिझाइन, एकच रंग, एकच माप. दिवाळीला पूर्ण डझन घेतला, अर्धा पडून आहे अजून."

"ग्रुपवर एवढ्या बाया आहेत."

"सगळ्या विचारतात, घेते कोण? तुम्ही बारा नावं आणून द्या, मी उद्या ऑर्डर देतो."

टाळायला म्हणाला असेल. पु.ताईंना सांगितलं. "मग करू ना बारा नावं गोया! कायले भ्यायचं?" त्यांना काय, त्यांचा आवाजच तसा आहे.

१६ फेब्रु.

ग्रुपमधून नंबर घेऊन फोन करते आहे, संध्याकाळी दोन-दोन. पहिलं वाक्य पाठ करून ठेवलं.

एक म्हणाली, "माझा नंबर कोणी दिला? मी वजन कमी करून राह्यली. उन्हाळ्यापर्यंत एल मध्ये येते मी." एक म्हणाली, ती सासूसाठी पाहते, स्वतःसाठी नाही. पुसदच्या एक शिक्षिका, आधी तुटक बोलल्या, मग ठेवेचनात. दोन वर्षं झाली, कोणत्याच लग्नाला गेल्या नाहीत म्हणे. घरच्यांना सांगतात, गुडघे दुखतात. "गुडघे चांगले आहेत हो माझे."

दवाखान्यातल्या सिस्टरला नाव देते का विचारायचं मनात होतं. चहाच्या वेळी तोंड उघडलं अन् गोळ्यांच्या नव्या स्टॉकचं बोलली.

२४ फेब्रु.

झाल्या. पु.ताईंनी शेवटची जागा भरायला स्वतःसाठी दोन घेतल्या. "एक फाटली त दुसरी." गडद निळी कुर्ती, पांढरे ठिपके, बाही कोपरापर्यंत. जयेशभाऊला नावं पाठवली. त्याने लिहिलं, 'वा मॅडम.'

आज खिचडी न करता पोळ्या केल्या.

८ मार्च, रवि.

कापड आलं म्हणे, कापायला गेलं.

दवाखान्यात महिला दिनाचा कार्यक्रम. फोटोला सगळ्या पुढे. मला म्हणाले, मॅडम तुम्ही मागे उभ्या राहा, उंच आहात. मी उंच नाही.

पु.ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माह्या नातवाच्या बारशाचे फोटो पाह्य. एकातई मी नाई. मीच काढले न सारे." रोज फोन होतो आता. तिकडून भांड्यांचा आवाज यायला लागला की समजायचं, सून भांडी घेऊन गच्चीवर आली. मग म्हणतात, "ठेवतो." अन् लगेच ठेवतात.

१९ मार्च

ग्रुपवर बायका बोलायला लागल्या आहेत. कुठली निकर घालता, उन्हाळ्यात पावडर कोणती. जयेशभाऊ बावचळला असेल. पुसदच्या बाईंनी विचारलं, आपण अकराजणी निळ्या कुर्त्या घालून एकदा कळंबला चिंतामणीला भेटलो तर? सगळ्यांनी फुलं टाकली. मी देवळात जात नाही, पण बाहेर थांबीन म्हटलं. खरंच थांबीन.

२९ मार्च, रवि.

कुर्ती आली. जयेशभाऊने ज्या-त्या गावाला बसने पाठवल्या होत्या, माझी स्टँडवरून आणली. दार लावून घातली.

अंगात तंबू. घेर इतका की दोघी मावतील. गळा खांद्यावरून घसरतो, खांद्याची शिवण दंडावर येते. अन् बाही? बाही बारीक पोरीची. दंडाला रुतली, मुंढा काखेत काचतो. वरच्या फळीवरचा डबा काढायला गेली तर हात खांद्याच्या वर जाईना. नुसतं मधलं कापड वाढवलं आहे. माणूस फक्त मधेच वाढतो असं वाटलं असेल त्यांना.

आरशापुढे बराच वेळ उभी होती. तशीच बाहेर पडली असती तर कोणाला काही वेगळं वाटलं नसतं. जाड्या बाया असंच घालतात, असंच वाटलं असतं.

३० मार्च

ग्रुप पेटला. जयेशभाऊ: 'ऑर्डरचा माल परत होत नाही, आधीच सांगितलं होतं.' मग राग माझ्याकडे वळला. पुसदच्या बाईंनी लिहिलं, 'ज्यांनी गोळा केलं त्यांनी आधी नमुना पाहायला नको होता का?' त्यांच्या त्या वाक्याला अंगठे आले.

बरोबर आहे. पाहायला पाहिजे होता.

पु.ताईंनी काहीच लिहिलं नाही. वाचलं होतं.

३ एप्रिल

पु.ताईंचा फोन नाही. काल मी लावला, वाजून बंद झाला. आज लावला, कापला.

कुर्तीचं काही नाही. कुर्ती पोछ्याला होईल. पण संध्याकाळी सातच्या फोनआधी मी अजूनही कुकर लावून ठेवते, मधे उठायला नको म्हणून.

१४ एप्रिल, मंगळ.

जयंती. गावी आली. आईची पांढरी साडी नेसली, साडी होते, ब्लाउज दोन्हीकडून उसवून जोड लावला. सकाळी वंदनेला बायांमध्ये बसली, बरं वाटलं. पाठ होतं सगळं, आवाजही लागला.

संध्याकाळी कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसायला गेली तर वहिनी धावत आली. "ताई, थ्या खुर्च्या कच्च्या हायेत. तुमी मांगं बसा, तिकडं लोखंडी हाय." वाईट मनाने नाही म्हणाली. मागच्या वर्षी एकाची मोडली होती, तिला काळजी. पण मोठ्याने म्हणाली.

मागे बसली. भाषणं ऐकू आली नाहीत. भाऊ म्हणाला, रहा दोन दिवस. ड्युटी आहे म्हटलं. ड्युटी नव्हती.

१९ एप्रिल, रवि.

सकाळी उठली अन् निळी कुर्ती घातली. ठरवलं असं नव्हतं. ओढणी घेतली नाही. तशीच बसमध्ये बसली, राळेगाव ते यवतमाळ.

दुकानात गर्दी नव्हती. जयेशभाऊ चहा पीत होता. "या मॅडम, या. बसा." पाहत होता काउंटरच्या काचेकडे.

"बसत नाही. पाहा इकडे."

"मॅडम, मी सांगितलं ना, ऑर्डरचा माल..."

"परत करायला नाही आली. नऊ वर्षं तुमच्याकडून घेते. तुमचा एक तरी कपडा माझ्या अंगावर पाहिला तुम्ही कधी? पाहा एकदा."

माझाच आवाज मला अनोळखी. शाहीन घड्या घालायची थांबली.

त्याने पाहिलं. मग मी हात वर करून दाखवायला गेली अन् काखेतली शिवण टरकन् उसवली. अख्ख्या दुकानात ऐकू गेलं. शाहीन धावत ओढणी घेऊन आली. मी घेतली नाही. आता वाटतं घ्यायला पाहिजे होती. तेव्हा नाही वाटलं.

जयेशभाऊचा चेहरा उतरला. कप खाली ठेवला. मग कारखानदाराला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडचा माणूस अजिबात भांडला नाही. "सेठ, मोठं माप आम्ही तक्त्यावरून काढतो. अंगावर घालून पाहायला कोणी भेटत नाही. कोणती बाई उभी राहील? आणा एखादी, मी कापणाऱ्या मास्तरला घेऊन येतो. बरोबर बसलं तर तो डझन फुकट बदलून देतो. पण माणूस पाहिजे."

फोन ठेवला. जयेशभाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो म्हणतो तो."

"मास्तर बाई आहे?"

"नाही मॅडम. माणूस आहे. म्हातारा आहे."

कळवते म्हटलं. उतरताना शाहीन मागोमाग आली, जिन्यात तिने पिनेने काख सांधून दिली. तिचे हात थंड होते.

२२ एप्रिल

नाही जमणार. एप्रनचं माप घेतलं होतं नोकरी लागली तेव्हा. टेप पुरला नाही तेव्हा तो माणूस दुसऱ्याला हाक मारून म्हणाला, दुसरा आण बे, जोडून घेऊ. रांगेतल्या पोरी हसल्या. तो एप्रन आजही पुढून लागत नाही, उघडाच घालते.

आता परक्या म्हाताऱ्यापुढे हात पसरून उभं राहायचं. दंड मोजणार, काख मोजणार, आकडा मोठ्याने सांगणार, कोणी लिहून घेणार.

त्या दहाजणींसाठी? त्यांच्यातल्या एकीनेही विचारलं नाही, तू कशी आहेस.

२४ एप्रिल

पु.ताईंचा फोन! पहिल्याच रिंगला उचलला.

"रागावली काय माह्यावर?"

"मी कशाला? तुम्हीच..."

मग सांगितलं त्यांनी. कुर्ती आली त्या दिवशी घरात सगळ्यांपुढे घातली होती, हौसेने. बाहीत हात अडकला. ना आत, ना बाहेर. सुनेला कैची आणावी लागली. मुलगा दारात उभा, म्हणाला, "आई, या वयात कायले हे नखरे?" तेव्हापासून ग्रुपवर काही लिहिलं नाही, फोनही मुलाकडेच असायचा. "मले लाज वाटली, मित्रा. तुयापुढे नाई. अशीच. समदीकडून."

मी मापाचं सांगितलं.

"तू जाऊन राह्यली?"

"नाही. माहीत नाही. तुम्ही उभ्या राहाल?"

"मी नाई बाप्पा. मेली तरी नाई." मग, "बाजूले बसीन म्हनशीन त."

"दिग्रसवरून?"

"यष्टी हाय न."

हो म्हणून बसली. ठेवल्यावर लक्षात आलं, आम्ही एकमेकींना पाहिलेलंच नाही. मी तिला आवाजाएवढीच माहीत आहे. आवाजाने मी बरी आहे.

२६ एप्रिल, रवि. यवतमाळ स्टँड

लवकर आली. बाकाच्या टोकाला बसून लिहिते आहे. जयेशभाऊला अजून हो कळवलं नाही, नाहीही कळवलं नाही. त्याचे दोन मिस कॉल. कारखानदार अमरावतीहून निघाला असेल.

दोनदा उठली होती. राळेगावची गाडी समोरच लागली होती, दार उघडं. गेली ती.

पु.ताईंनी विचारलं होतं, ओळखू कशी? मी म्हटलं, पिवळी ओढणी. मग पिवळी घातलीच नाही. पिशवीत आहे.

दिग्रसची गाडी आली. धूळ. कॉलेजची पोरं आधी उतरली, मग एक म्हातारा, मग बराच वेळ कोणी नाही. कंडक्टर आत पाहून हसून काहीतरी बोलला. आता एक बाई उतरते आहे, पाठमोरी, दोन्ही हातांनी दांडा धरून, एक-एक पाय खाली टाकत. हिरवी साडी. माझ्याहूनही मोठी आहे. घामाने पाठ ओली. खाली आली, पदर सारखा केला अन् आता स्टँडवर सगळीकडे पाहते आहे. माझ्यावरून नजर गेली. थांबली नाही.

पर्समधून फोन काढला तिने.

माझा वाजतो आहे. उचलला की इकडेच पाहील.