तारामतीची एकेचाळीस पानं

५ ऑक्टोबर, रविवार
जुन्या विंडोजचे अपडेट या महिन्यात बंद होणार. हैदराबादेतला आमचा सगळा तारनाका परेशान आहे. मी नाही. रेल्वेत एकतीस वर्षं काढली, सिस्टम कळते. विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचं ठरवलं. फुकट, व्हायरस नाही. दोन तासांचं काम. तीन व्हिडिओ पाहिले. तिसरा तेलुगूत होता, तरी पटला.

७ ऑक्टोबर
संदेशचा फोन. बाबा, हात लावू नका, रविवारी येतो म्हणाला. पोरगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे बापाला काही येत नाही असं त्याला वाटतं.
तारामतीनं विचारलं, माझ्या फाइलचं काय? वर्षभर आठवणी टाइप करतेय. परभणीहून लग्न होऊन हैदराबादला आली तिथपासून. एका बोटानं. एकेचाळीस पानं. निश्चिंत राहा म्हटलं.

९ ऑक्टोबर, सकाळी १०.१५
तिची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. उघडून खात्री केली. वाचायला वेळ नव्हता.

११.३०
इन्स्टॉल करायलाही पेन ड्राइव्ह लागतो. घरात एकच आहे. त्यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं विचारलं. ओके. पुढे कॉम्प्युटरच्या डिस्कचंही तेच विचारलं. ओके. अशा सूचना भित्र्या लोकांसाठी असतात.

१.४०
लिनक्स आलं! स्वतःच्या हातानं!

४.०५
तारामतीची फाइल दिसत नाही. नव्या सिस्टममध्ये जागा वेगळी असणार.

१० ऑक्टोबर
दिसली नाही. तिला सांगितलं, अपडेट चालू आहे.

११ ऑक्टोबर
विद्यानगरच्या कॉम्प्युटर दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, गया सो गया, चाचा. त्याला लिनक्सचा अनुभव नसावा.

१२ ऑक्टोबर, रविवार
संदेश घरी आला. तीन तास खटपट करून माझा एक जुना पासपोर्ट फोटो परत मिळवला. फाइल नाही. तूच आईला सांग म्हटलं. तो चप्पल घालून निघाला.
मी सांगितलं. तिनं जेवायला वाढलं. वरणात मीठ बरोबर होतं, म्हणजे फार मनावर घेतलं नसावं.

१५ ऑक्टोबर
तारामती वहीत लिहितेय. तीन दिवसांत तीस पानं. एका अर्थी माझ्यामुळे वेग वाढला. तरी चुकलो म्हणालो. परत टाइप कर, मी शेजारी बसून मदत करतो, असंही म्हणालो.
तिनं पेन थांबवलं नाही.
"नको. तिथं तुम्ही मागून येऊन वाचाल म्हणून तुमच्याबद्दलचं पुष्कळ गाळलं होतं. आता सगळं लिहिते."

१८ ऑक्टोबर
पहिली वही भरली. कपाटात गेली, किल्ली तिच्याकडे. मला दुसरी आणायला सांगितली. दोनशे पानी. आणून दिली.