म्हाताऱ्याचं तोंड

बाबा, सकाळपासून एका जागी बसवत नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला घेतलं. तुम्ही गेल्यावर जन्मलेली तुमची नात कॉलेजसाठी फिल्म करते आहे. त्या फिल्ममध्ये मुखवटा घातलेला एक म्हातारा आहे आणि शेवटी कळंबच्या किनाऱ्यावर तो मुखवटा जाळायचा आहे. करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. "मम्मी, फुगा फुगव, त्यावर पेपर चिकटव, व्हिडिओत सगळं आहे. फक्त क्यूट नको हां, रिअल म्हातारा पाहिजे!" मला शिकवते!

मला आपली गिरीजची वाडी दिसते. डिसेंबर संपत आलेला, शेजारच्या ख्रिस्ती घरांतली मुलं वर्षअखेरीला जाळायच्या म्हाताऱ्यात पेंढा कोंबतायत, आणि त्याचं तोंड करायला दरवर्षी तुम्हीच. पाटातली माती, रद्दी, मैद्याची खळ, भुवयांना केळीचं वाळकं सोपट. रात्री जळणारच आहे, मग कशाला एवढं, असं मी एकदा म्हटलं तर केवढ्याने खेकसलात. "जाळायचा म्हनून काय वेडावाकडा करायचा? वर्सभर राबलाय तो!"

फुग्यावर लगदा थापताना हेच डोक्यात, त्यामुळे हात थांबेनात. पंख्याखाली वाळवते, पुन्हा ओला करते, गाल खरवडते. परवा दुपारी वरचा ओठ जरा आत ढकलला आणि समोर तुम्ही. दात काढल्यानंतरचे. तुमचा एक धड फोटो घरात नाही, किती वर्षं चेहरा आठवत नव्हता, आणि तुम्ही असे डायनिंग टेबलावर. लेक नाचलीच, "हाच! परफेक्ट! जळताना काय दिसेल!"

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. कपाटात ठेवते, काढते, पुन्हा ठेवते. शेवटी घाईघाईने दुसरा केला. म्हातारा आहे, पण कुणाचाच नाही. आज तोच तिच्या पिशवीत भरला, पहिल्याला बुरशी आली म्हणून सांगितलं. ती फुरंगटून शूटिंगला गेली.

आता घरात तुम्ही आणि मी. पण बाबा, मघाशी खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. हे तोंड खरंच तुमचं आहे, की मला हवं म्हणून मी ते तुमचं म्हणते आहे? आई असती तर एका नजरेत सांगितलं असतं तिने. मला नाही सांगता येत.