मुक्ताची बोटं

मंगळवार, संध्याकाळ

आज मुक्ताच्या बाईंनी मला शाळेत थांबवून घेतलं. मुक्ता सात वर्षांची झाली तरी तिला गणवेशाची बटणं लावता येत नाहीत, हे मला ठाऊकच होतं. पण बाई म्हणाल्या, "चित्र बघून ठोकळ्यांचं घर रचायला सांगितलं, तर नुसती बसून राहिली हो. बोटांनी कधी वळवून, दुमडून बघितलंच नाही, तर आकार डोक्यात कुठून यायचा?"

बटणं मीच लावत आले. रत्नागिरीला जाणारी नऊची एसटी चुकेल म्हणून. आंबा मीच चिरून दिला, भात मीच भरवला, मणी सांडतील म्हणून डबा फळीवर ठेवला. ही माया होती की नुसती घाई? घाईच.

घरी आल्यावर कागद घेऊन तिच्याशेजारी बसले. म्हटलं, होडी करूया. पहिली घडी तिने वाकडी घातली. पुढे कोपरा कुठे जातो, ते तिला कळेचना. कागद तीनदा फिरवला, मग माझ्या हातात देऊन शांतपणे म्हणाली, "आई, तूच कर. मला नाय जमत."

कुकर लावायचा राहिला होता. मी कागद घेतला आणि होडी करून दिली.