देवीचे डोळे आणि दाढीचा आरसा

गुरुजी, खलात गेरू कुटतानाचा तुमचा तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. ठण, ठण, मग दगडावर दगड घासल्याची लांब खरखर. चित्रकलेच्या तासाला तुम्ही आमच्या पुढ्यात खल ठेवून कविता म्हणायला लावायचात. चाल चुकली की रंग भरड राहतो, असं तुम्ही सांगितलं होतं आणि मला ते अजून खरं वाटतं.

माझी नात बडोद्याला चित्रकला शिकते. मध्यंतरी तिनं फोनवर रशियातल्या एका हयात चित्रकाराची चित्रं दाखवली. जुन्या लाकडी फळ्या, अंड्याच्या बलकात कालवलेले रंग, सोनेरी वर्खावर त्यांचे संत. संतांच्या मागे मात्र विजेचे मनोरे, धुरांडी, उंच इमारती. आणि डोळे असे, की आपण चित्र बघत नाही, चित्रच आपल्याला बघतं. मी फोन पालथा ठेवला. असे डोळे मी एकदाच पाहिलेत. आपल्या कोरीट गावच्या देवीच्या फळीवर, तुम्ही काढलेले.

त्या फळीला वाळवी लागली, म्हणून गावानं नवी फळी नातीकडे दिली. तिनं देवी त्या रशियन रीतीनं रंगवली. सोनेरी पाठ, आणि मागे आपल्या मिरचीच्या पथाऱ्या, वाळत घातलेल्या, लालभडक, नजर पोचेल तिथवर. अंड्यावरून पारावर वाद झाला. "देवीले आंडं चालस का?" कुणीतरी विचारलं. म्हातारा पुजारी म्हणाला, "बकरा चालस, मंग आंडं काबर नही?" सगळे हसले. मी नाही हसलो. डोळे अजून काढायचे राहिले होते. ते आज काढायचे आहेत.

रीत तुम्हाला ठाऊक आहे. डोळे सगळ्यांत शेवटी, देवीकडे पाठ करून, आरशात बघून. तिची पहिली नजर माणसावर पडू नये. त्या वेळी तुम्ही देवळाचं दार आतून लावून घेतलंत, आणि बाहेर आलात ते हसतच. "सरळ बघितलं मी तिच्याकडे. काय झालं?" आम्ही पोरं टाळ्या पिटतोय. पुजाऱ्याचं तोंड उतरलेलं. त्याच हिवाळ्यात तुम्ही लाल रंगाच्या डबीला काळी म्हणालात. मग हळूहळू सगळंच काळं. डॉक्टर म्हणाले, साखर डोळ्यांत उतरली.

नातीला हे सगळं सांगितलं. "आजोबा, साखरच होती ती. आणि डोळ्याला डोळा दिल्याशिवाय डोळा काढता येतो का?" म्हणाली आणि रिक्षात बसून देवळाकडे गेली. मी हो म्हटलं खरं. पण ब्रशांच्या पिशवीत माझा दाढीचा आरसा ठेवलाय, तिच्या नकळत. असलं काही मानू नका, असं जन्मभर पोरांना शिकवून मी हे केलं. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तरी लिहितो: साखरच होती ना, गुरुजी?

कडी वाजली म्हणून उठलो. दारात तुमच्या घरच्या बाई. किती वर्षांनी! पार वाकलेल्या, रिक्षावाल्याचा हात धरून.

"पोरगी डोया उघाडाले गई म्हणे?"

"हो बाई. पण आरसा दिलाय मी."

बाई उंबऱ्यावरच बसल्या.

"आरसा तर त्यास्ना हातमा बी व्हता, भाऊ. तरी डोया गयात. तुमले पोरस्ले फुशारकी मारी त्यास्नी. लाव, फोन लाव तिले."

लावलाय. नुसता वाजतोय.